अंडे खावे की खाऊ नये? आहारशास्त्राच्या बदलत्या निकालांविषयी थोडेसे

रविवारची सकाळची मिस्सा आटोपल्यानंतर चर्चच्या आवारात जे घोळके जमतात, त्यांत पाऊसपाणी, लग्नकार्ये आणि प्रकृती हे तीन विषय ठरलेले असतात. काही दिवसांपूर्वी आम्ही अशाच एका घोळक्यात उभे होतो. आमच्याच धर्मग्रामातील एका भगिनीच्या यजमानांना हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला होता. मधुमेह तर पूर्वीपासूनच होता. आता त्यांच्या खाण्यापिण्याचे काय, असा प्रश्न निघाला. एकाने सांगितले, अंडी कायमची बंद करा. दुसऱ्याने मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखविला, की अमेरिकेने अंड्यावरील बंदी केव्हाच उठविली आहे. तिसऱ्याचे म्हणणे असे, की बलक टाकून पांढरे तेवढे द्यावे. ती माउली सगळ्यांचे ऐकून घेत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "हे शास्त्रज्ञ एकदाचे काय ते ठरवून का टाकत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. तो केवळ कुतूहलाचा नाही, कारण उद्या सकाळी नवऱ्याच्या ताटात काय वाढायचे हे तिला ठरवायचे होते. त्या आवारात आम्हांस नीट उत्तर देता आले नाही, म्हणून येथे अंड्याच्याच उदाहरणावरून ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

अंड्यावरील आरोपाची कथा सुरू होते ती सशांपासून. सन १९१३ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण संशोधकाने सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून खाऊ घातले. काही काळातच त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या आत मेदाचे थर साचलेले दिसले. शोध मोलाचा होता. कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिन्या यांचा संबंध आज जगभर मान्य आहे, त्याचे मूळ तेथे सापडते. परंतु ससा हा पाला खाणारा प्राणी. त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल नसतेच, त्यामुळे त्याचा निचरा करण्याची सोय त्याच्या शरीरात बेताचीच. हाच प्रयोग उंदीर व कुत्रे यांच्यावर केला असता तसा परिणाम सहजासहजी दिसला नाही. माणूस या बाबतीत सशासारखा की कुत्र्यासारखा, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला.

माणसाच्या शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. बाहेरून अधिक आले, तर बहुतेकांच्या बाबतीत आतील निर्मिती काही प्रमाणात कमी होते. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, ज्यास डॉक्टर 'एलडीएल' म्हणतात, ते उचलून घेणारे ग्राहक यकृताच्या पेशींवर असतात. या ग्राहकांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तूप, लोणी, चरबी यांतील संपृक्त मेद या ग्राहकांचे काम मंदावतो आणि रक्तातील एलडीएल वाढते. म्हणजे अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा अन्नातील संपृक्त मेदाचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर अधिक परिणाम होतो. सात देशांतील पुरुषांचा १९५८ पासून दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज यांनीही, नेहमीच्या आहारातील कोलेस्टेरॉलमुळे रक्तातील पातळीत फारसा फरक पडत नाही, असे १९५० च्या दशकातच नोंदविले होते.

तरीही १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सल्ला दिला, की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनपेक्षा अधिक बलक नकोत. एका मोठ्या अंड्याच्या बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे दोन अंडी खाल्ली की मर्यादा ओलांडली. आकडा लक्षात ठेवण्यास सोपा होता, आणि बहुधा म्हणूनच तो जगभर पसरला. सन १९८४ च्या मार्च महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर एका बशीत दोन तळलेल्या अंड्यांचे डोळे आणि डुकराच्या मांसाच्या पट्टीचे उलटे वळलेले ओठ असा रडवेला चेहरा छापला. जे अनेक पानी अहवालांना साधले नसते, ते त्या चित्राने साधले. आपल्याकडील डॉक्टरही तोच सल्ला देऊ लागले. त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचलेले तत्कालीन शास्त्र तेच होते.

(जाता जाता एक सांगावेसे वाटते. अंडे वर्ज्य करण्याची चाल ख्रिस्ती जनांस नवी नव्हे. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत, आणि पुनरुत्थानाच्या सणाला साठलेली अंडी रंगवून वाटीत. मात्र तो त्याग प्रायश्चित्ताचा होता, प्रकृतीचा नव्हे.)

पुढे निकाल पालटू लागले. सन १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक परिचारिका व आरोग्य-व्यावसायिकांच्या माहितीवरून असे मांडले, की निरोगी व्यक्तीने दिवसाला एक अंडे खाल्ल्याने हृदयविकार वाढल्याचे दिसत नाही. त्याच लेखात एक वाक्य असेही होते, की मधुमेही व्यक्तींमध्ये मात्र धोका अधिक आढळला. पहिले वाक्य वृत्तपत्रांत गाजले. दुसरे मागे पडले.

सन २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारच्या सल्लागार समितीने जाहीर केले, की अन्नातील कोलेस्टेरॉल अधिक होण्याची आता चिंता करण्याचे कारण नाही. पुढील जानेवारीत आलेल्या अधिकृत मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा गळाली. आमच्या मित्राच्या मोबाइलवरील संदेशाचे मूळ हेच. परंतु त्याच मार्गदर्शिकेत पुढे असेही लिहिले होते, की आरोग्यदायी आहार घेताना कोलेस्टेरॉल शक्य तितके कमीच खावे. मर्यादेचा आकडा गेला, एवढेच म्हणता आले असते. 'बंदी उठली' असे म्हणावयाचे, तर मुळात बंदी होती असे मानावे लागेल, आणि ती कधीच नव्हती.

मग मार्च २०१९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २९,६१५ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दररोज जादा अर्धे अंडे खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सहा टक्क्यांनी अधिक आढळला. पुढे वर्षही सरते न सरते तोच, मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हार्वर्डचा दुसरा अभ्यास आला. दोन लाखांहून अधिक व्यक्ती, बत्तीस वर्षांपर्यंतचा पाठपुरावा. आणि निष्कर्ष असा, की दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढल्याचे दिसत नाही.

आता सर्वसामान्य वाचकाने काय समजावे? दोघांपैकी कोणी तरी खोटे बोलत असले पाहिजे, असा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु हे अभ्यास कसे होतात ते पाहिले, म्हणजे संशयाची जागा निराळ्याच जाणिवेने घेतली जाते. मुळात इतके अवघड मोजमाप करू पाहणाऱ्या या माणसांचे धाडसच म्हणावयाचे!

या अभ्यासांत कोणी कोणाला अंडी खाऊ घालीत नाही. हजारो लोकांना एक प्रश्नावली दिली जाते: गेल्या वर्षभरात आपण किती वेळा अंडी खाल्लीत? आठवड्याला एकदा, दोनदा की रोज? वाचकांनी हा प्रश्न क्षणभर स्वतःला विचारून पाहावा. न्याहारीचे आम्लेट आठवेल. पण नाताळच्या केकमधील अंडी? फुग्यांच्या पिठातील? लग्नाच्या जेवणातील पुडिंगमधील? आम्ही स्वतः प्रयत्न केला आणि आमच्याच घरातील दोघांची उत्तरे जुळली नाहीत. २०१९ च्या अभ्यासात हा प्रश्न मुख्यतः एकदाच, आरंभी विचारला गेला होता, आणि नंतर सरासरी सतरा-अठरा वर्षे काय घडले ते पाहिले गेले. एवढ्या काळात माणसाचे खाणे किती बदलते! २०२० च्या अभ्यासात तो दर काही वर्षांनी पुन्हा विचारला जात होता. निष्कर्ष वेगळे येण्याचे हे एक कारण असू शकते.

दुसरी अडचण संगतीची. अमेरिकेत जो भरपूर अंडी खातो तो पुष्कळदा त्यासोबत खारवलेले डुकराचे मांस, लोणी लावलेला पाव असेही खातो. दोष अंड्याचा की सोबत्यांचा? संशोधक गणिताने सोबत्यांचा परिणाम वजा करण्याचा प्रयत्न करतात. तो कधी पुरता साधतो, कधी नाही. चीनमध्ये उलट घडले. तेथील सुमारे पाच लाख लोकांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज अंडे खाणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघात कमी झालेले दिसले. परंतु तेथे रोज अंडे खाणारी मंडळी अधिक शिकलेली व अधिक मिळकतीची होती. अंड्याने त्यांना तारले की सुस्थितीने, हे पूर्णपणे वेगळे काढणे कठीण.

मग प्रत्यक्ष प्रयोगच का करू नये? चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत, एकाला अंडी द्यावीत, दुसऱ्याला देऊ नयेत. अशा प्रयोगाचे मोल किती असते, हे फिनलंडच्या उदाहरणावरून कळते. गाजरासारख्या भाज्यांतील बीटा-कॅरोटीन ज्यांच्या आहारात अधिक, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे निरीक्षणांवरून वाटत होते. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे चिठ्ठीने गट पाडून काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. सन १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्के अधिक निघाला. भाजी खाणारा माणूस आणि भाजीतील एक द्रव्य गोळीतून घेणारा माणूस, या दोन निराळ्या गोष्टी ठरल्या. परंतु अंड्यांबाबत असा प्रयोग करावयाचा तर हजारो माणसांना वीस-तीस वर्षे ठरवून दिलेलेच खावयास लावावे लागेल. असे व्रत कोण पाळणार? म्हणून काही आठवड्यांचे लहान प्रयोग करून रक्तातील पातळी मोजली जाते, आणि उरलेले अनुमानाने भरून काढले जाते.

या सर्वांहून महत्त्वाची अशी एक बाब आहे, आणि तिची चर्चा चर्चच्या आवारात आम्ही कधीच ऐकलेली नाही. एखादा पदार्थ सोडला, तर त्याच्या जागी काय आले?

आमच्या शेजारच्या एका आजींची गोष्ट आम्हांस अजून आठवते. यजमान हृदयविकाराने गेल्यावर त्यांनी भीतीने घरातील अंडी बंद केली. घरच्या कोंबड्यांची अंडी त्या विकू लागल्या. सकाळच्या चहाबरोबर खारी आणि बटर आले, संध्याकाळी नानकटाई. अनेक वर्षे हे चालले. आपण पथ्य पाळतो आहोत, याचे त्यांना समाधान होते. परंतु त्या काळी बेकरीतील खारी सर्रास वनस्पती तुपात होत असे, आणि तेल घट्ट करण्याच्या अर्धवट प्रक्रियेत त्यात ट्रान्स मेद तयार होत. नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की हे मेद घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितात. एका अंड्यात संपृक्त मेद जेमतेम दीड ग्रॅम, आणि प्रथिने सहा ग्रॅम. ते टाकून आजींनी मैदा, साखर आणि वनस्पती घेतले होते. पुढे त्यांना मधुमेह झाला. तो त्यामुळेच झाला असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. वर इतका वेळ आम्ही तेच तर सांगत आहोत. पण 'अंडे बंद' असे सांगणाऱ्याने 'त्याऐवजी मूठभर भिजवलेले चणे खा' एवढे तरी सांगावयास हवे होते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

ट्रान्स मेदांच्या बाबतीत शास्त्रज्ञांत आज मतभेद नाहीत. भारतात त्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. २०२१ मध्ये तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून तेल व मेदांत दोन टक्के. या बातमीने मात्र कोणाच्या मोबाइलवर संदेश आल्याचे आम्ही पाहिले नाही. जेथे वाद आहे तेथे बातमी आहे. जेथे एकमत झाले तेथे शांतता.

आपल्या किनारपट्टीवरचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय नारळाचा. सन २०१८ मध्ये हार्वर्डशी संबंधित प्राध्यापिका कारिन मिशेल्स यांनी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानात खोबरेल तेलाला निव्वळ विष म्हटले. ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली आणि भारताच्या फलोत्पादन आयुक्तांनी हार्वर्डला निषेधाचे पत्र धाडले. विष हा शब्द अतिरेकी होता, असे आमचे मत आहे. परंतु खोबरेल तेलात संपृक्त मेद ऐंशी टक्क्यांहून अधिक असतो आणि इतर वनस्पतिज तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढविते, हे २०२० मध्ये सोळा प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. दुसरीकडे, केरळात हृदयविकाराच्या दोनशे रुग्णांवर दोन वर्षे केलेल्या प्रयोगात खोबरेल व सूर्यफूल तेलांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र दोनशे ही संख्या अशा प्रश्नासाठी लहानच. पॅसिफिक महासागरातील टोकेलाऊ बेटावरील लोक आपल्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग नारळातून मिळवीत, आणि तरी त्यांच्यात हृदयविकार विरळा होता, असे १९८१ मध्ये नोंदविले गेले. नारळाचे कैवारी हे उदाहरण आवर्जून देतात. ते एवढे सांगत नाहीत, की ते बेटवासी ओला नारळ व मासे खात, अंगमेहनत करीत, आणि त्यांच्या आहारात साखर अल्प होती. कालवणाला वाटलेले खोबरे आणि बाटलीतून चमच्याने प्यावयाचे तेल यांना एकच न्याय लावणे योग्य नव्हे.

आता बातमी आपल्यापर्यंत कशी पोहोचते ते पाहू. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. लगेच मथळे झळकले, की सॉसेज सिगारेटइतकेच घातक. गोव्याचे चुरीस मीठ, व्हिनेगर व धूर यांवर टिकविलेले असल्याने तेही या व्याख्येत बसते, म्हणून आपल्यापैकी अनेकांना धक्का बसला. परंतु तो गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. दररोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढतो, असे अहवालात होते. समजा, शंभर माणसांपैकी पाच जणांना हा रोग आयुष्यात कधी तरी व्हावयाचा असेल, तर पाचाचे १८ टक्के म्हणजे जवळपास एक. पाचाचे सहा झाले. ही वाढ दुर्लक्षिण्याजोगी नाही, पण नाताळात चार दिवस चुरीस खाणाऱ्याने सिगारेट ओढणाऱ्याइतके घाबरण्याचेही कारण नाही. मथळ्यात टक्के वाचले, की 'कशाचे टक्के?' हा प्रश्न विचारण्याची सवय आम्ही तेव्हापासून लावून घेतली.

दोष केवळ पत्रकारांवर टाकून भागत नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधील वीस विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासली गेली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा वाढवून सल्ला दिलेला आढळला. विद्यापीठच फुगवून सांगते, आणि वार्ताहर तेच छापतो. पुढच्याच वर्षी जॉन बोहॅनन या अमेरिकन पत्रकाराने याची परीक्षाच घेतली. जर्मनीत पंधरा जणांवर तीन आठवडे एक लुटुपुटीचा प्रयोग केला, वजनासह अठरा निरनिराळी मापे घेतली, आणि त्यांपैकी योगायोगाने जुळेल ते निवडले. अठरा ठिकाणी गळ टाकल्यावर एखादा मासा लागतोच! चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरते, असा निबंध पैसे भरून प्रसिद्ध झाला आणि जर्मनीच्या 'बिल्ड' या मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर पोहोचला. माणसे किती होती, हे विचारण्याचे भान फारच थोड्यांना राहिले.

पैशाचाही प्रश्न आहेच. अमेरिकेतील साखर-उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन १९६७ मध्ये असा आढावा लिहून घेतला, की हृदयविकाराचा ठपका साखरेवरून निघून मेदावर जावा. जुनी कागदपत्रे सापडल्यावर हे २०१६ मध्ये उघडकीस आले. अंड्यांचा व्यवसाय करणारेही संशोधनाला पैसा पुरवितात. आपल्याकडे रोज अंडी खाण्याचा आग्रह धरणाऱ्या त्या लोकप्रिय जाहिराती कुक्कुटपालकांच्या नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटीच्या होत्या, आरोग्य खात्याच्या नव्हेत. एवढ्यावरून त्यातील प्रत्येक विधान खोटे ठरत नाही. माल कोणाचा आणि साक्ष कोणाची, इतके पाहून घ्यावे.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अंड्याविषयी जे सांगितले, ते आम्हांस आजही समतोल वाटते. निरोगी व्यक्तीस दिवसाला एका अंड्यापर्यंत हरकत नाही. ज्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, विशेषतः ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी जपून. काही व्यक्तींमध्ये अन्नातील कोलेस्टेरॉलमुळे रक्तातील पातळी इतरांपेक्षा अधिक वाढते, आणि आपण त्यांपैकी आहोत की नाही हे कोणत्याही मथळ्यातून कळत नाही. ते रक्ततपासणीतून कळू शकते.

पुढच्या रविवारी ती भगिनी पुन्हा भेटली, तेव्हा आम्ही तिला यातले थोडेसेच सांगितले. यजमानांना मधुमेह आहे, तेव्हा अंड्यांचा आकडा आमच्याकडून घेऊ नये, त्यांच्या डॉक्टरांकडून घ्यावा आणि काही आठवड्यांनी रक्त तपासून पाहावे. सुक्या बोंबलाचे आणि लोणच्याचे मीठही मोजावे, कारण दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, याविषयी हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे एकमत आहे. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "आणि चहाबरोबर काय देऊ?" आम्ही शेजारच्या आजींची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, की खारीचा डबा तर कालच भरून आणला आहे. आता तो नातवंडांनाही द्यावा की नाही?